मोजपट्टी कुणाच्या हातात? पॉला बेगून यांचं प्रकरण

अमेरिकेतल्या पॉला बेगून यांचं पहिलं पुस्तक १९८५ साली आलं. मेकअप आणि क्रीमच्या जाहिरातींतले दावे उचलायचे, त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती ते सांगायचं आणि हे करताना ब्रँडचं नाव झाकायचं नाही, ही त्यांची पद्धत. पुढे दुकानांत मिळणाऱ्या उत्पादनांची नावानिशी परीक्षणं करणारी जाडजूड पुस्तकं आली, त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि ‘कॉस्मेटिक्स कॉप’ ही बेगून यांची ओळख होऊन बसली. १९९५ मध्ये त्यांनी ‘पॉलाज चॉइस’ हा स्वतःचा ब्रँड काढला. परीक्षणं मात्र थांबली नाहीत. नंतर ती ‘ब्यूटीपीडिया’ या नावाने इंटरनेटवर गेली आणि तिथे हजारो उत्पादनं जमा झाली. म्हणजे एकच व्यक्ती, आणि कालांतराने एकच कंपनी, बाजारातल्या सगळ्यांच्या क्रीमना गुण देत होती आणि शेजारीच स्वतःचं क्रीम विकत होती.

यात लपवलेलं काहीच नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण मला इतर प्रकरणांपेक्षा जास्त शिकण्यासारखं वाटतं.

लपवाछपवी असली की निवाडा सोपा असतो. ‘संडे रायली’ या अमेरिकी ब्रँडचं उदाहरण घ्या. तिथले व्यवस्थापक आणि खुद्द मालकीणबाई २०१५ ते २०१७ या काळात सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्याच मालाचे गोडवे गात होत्या. वेगवेगळ्या नावांनी खाती कशी उघडायची, ओळख लपवायला व्हीपीएन कसं वापरायचं, वाईट रिव्ह्यू दिसला तर त्याला नापसंतीचं बटण कसं दाबायचं, याच्या सूचना कर्मचाऱ्यांना ईमेलवर गेल्या होत्या. २०१८ मध्ये हे बाहेर फुटलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, कंपनीशी समझोता केला. दंड झाला नाही. आयोगाच्या पाचपैकी दोन सदस्यांनी नेमक्या याच मुद्द्यावर विरोधी मत नोंदवलं.

दुसरं उदाहरण सुझन यारा यांचं. त्या यूट्यूबवर स्किनकेअरबद्दल बोलत आणि ‘नॅच्युरियम’ या नव्या ब्रँडचंही नाव घेत. त्या ब्रँडच्या स्थापनेत आपलाच हात आहे हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं, तेव्हा प्रेक्षक भडकले. रोष सीरमच्या गुणवत्तेवर नव्हता. इतके दिवस सांगितलं का नाही, यावर होता. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, ‘एल्फ ब्यूटी’ने तो ब्रँड ३५.५ कोटी डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. बाजाराची स्मरणशक्ती किती, हा वेगळा विषय.

या दोन्ही ठिकाणी उपाय एकच सुचतो: नातं उघड करा. एफटीसीच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. पैसे, फुकट माल, नोकरी किंवा मालकी असं काही नातं असेल तर ते वाचणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे. बेगून यांनी हे पहिल्या दिवसापासून केलं. ब्रँडला नाव त्यांचं, परीक्षणालाही नाव त्यांचंच. मग प्रश्न उरतो तो असा: सगळं उघड सांगून झाल्यावर त्या परीक्षणावर किती विसंबायचं?

लोक विसंबले ते कशावर

लोकांनी विश्वास टाकला तो त्यांच्या रोखठोकपणामुळे. सौंदर्याची मासिकं जाहिरातींवर चालत आणि त्यांत कुठलंच क्रीम कधी वाईट नसे. अशा काळात एक बाई महागड्या ब्रँडचं नाव घेऊन म्हणत होती की या बाटलीत पाणी, अल्कोहोल आणि सुगंध यापलीकडे फारसं काही नाही. त्यांना स्वतःला मुरुमांचा आणि एक्झिमाचा त्रास होता, हे त्या वारंवार सांगत. शिवाय प्रत्येक शेऱ्यामागे कारण असे. ‘मला आवडलं नाही’ एवढ्यावर त्या थांबत नसत. कुठल्या घटकामुळे आवडलं नाही आणि त्या घटकाबद्दल संशोधन काय म्हणतं, तेही लिहीत. वाचणाऱ्याला घटकयादी वाचायची सवय लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना करावी लागेल. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं आणि मी ते पूर्ण देतो.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा उघड पक्षपात इथे सहजी सापडत नाही. इतर ब्रँडच्या मालालाही भरपूर चांगले शेरे मिळत. पक्षपात शोधायचा असेल तर एकेका गुणाकडे बघून भागत नाही, गुण कशाचे दिले जातात तिकडे बघावं लागतं.

डबी, सुगंध आणि आम्लता

बेगून यांच्या परीक्षणांचे काही ठाम नियम होते. उघड्या तोंडाची डबी नको. सुगंध नको, मग तो कृत्रिम असो वा लव्हेंडरसारख्या तेलाचा. त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल नको. मृत पेशी काढणाऱ्या ॲसिडच्या उत्पादनाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकी आम्लता जास्त), साधारण ३ ते ४ हवा. नियम हवेतून काढलेले नाहीत, प्रत्येकामागे शास्त्र आहे. पण प्रत्येक नियम किती ताणायचा हा निर्णय शास्त्र घेत नाही. तो परीक्षक घेतो.

आधी डबी. व्हिटॅमिन सी किंवा रेटिनॉल हवा आणि उजेड लागला की खराब होतात, हे पक्कं ठाऊक आहे. रोज झाकण काढून बोट घालायच्या डबीत असलं क्रीम भरणं म्हणजे त्यातला महाग घटक वाया घालवणं. इथपर्यंत नियम अगदी बरोबर आहे. आता एक्झिमा असलेल्या माणसाचं जाड मलम घ्या. त्यात मुख्य काम पेट्रोलॅटम (व्हॅसलिनमधला मुख्य घटक), ग्लिसरीन, सेरामाइड यांचं असतं. पेट्रोलॅटम हवेने सहज बिघडत नाही आणि इतकं घट्ट मलम पंपातून येतही नाही. अशा मलमाला डबीचे गुण कापले, तर ज्या माणसाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच त्यापासून लांब जातो. डबीत बोट घातल्याने जंतू जातात ही शंका रास्त आहे, पण त्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह असतात. थोडक्यात, नियम व्हिटॅमिन सीसारख्या अँटिऑक्सिडंटवाल्या क्रीमसाठी खरा आहे. तो सरसकट सगळ्यांना लावला की त्याचा कल अँटिऑक्सिडंटवाल्या, पंपात किंवा ट्यूबमध्ये भरलेल्या क्रीमकडे झुकतो. पॉलाज चॉइसची क्रीमं तशीच असतात.

सुगंधाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. लिनालूल, लिमोनीन हे सुगंधी घटक हवेशी संयोग पावले की त्यांतून त्वचेला ॲलर्जी करणारे पदार्थ तयार होतात, हे चांगलं तपासलेलं आहे. युरोपात असे २६ सुगंधी घटक लेबलवर वेगळे लिहावे लागत, २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या वर नेली. पण लेबलवर लिहायला लावणं आणि सगळ्यांना वर्ज्य करणं यात फरक आहे. युरोपचा नियम ॲलर्जी असलेल्याला माहिती देतो, बाकीच्यांना वापरू देतो. बेगून यांची पद्धत काही जणांना असलेला धोका उत्पादनाचा दोष म्हणून सगळ्यांच्या खात्यावर मांडते. ज्याची त्वचा लगेच लाल होते त्याच्या दृष्टीने ही कडक पट्टी योग्यच. जो वर्षानुवर्षं सुगंधी क्रीम विनातक्रार लावतोय त्याला मात्र आपण त्वचेचं न दिसणारं नुकसान करतोय असं वाटू लागतं आणि तो सुगंध नसलेल्या क्रीमच्या शोधात निघतो. शोध कुठे संपतो ते वेगळं सांगायला नको.

तिसरी पीएचची अट. पॉलाज चॉइसचं सर्वांत गाजलेलं उत्पादन म्हणजे २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण, पीएच ३.२ ते ३.८. सॅलिसिलिक ॲसिडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं ॲसिड मोकळं असतं तो आकडा, साधारण २.९७ आहे. साध्या पाण्याचं गणित केलं तर पीएच ३.२ ला त्यातलं जवळपास ३७ टक्के ॲसिड त्वचेत सहज शिरणाऱ्या मोकळ्या रूपात राहतं, ३.८ ला साधारण १३ टक्के आणि ४ ला ८ ते ९ टक्के. खऱ्या बाटलीत ग्लायकॉल वगैरे असल्याने आकडे थोडे हलतील, पण चित्र बदलत नाही. मोकळं ॲसिड हळूहळू घसरत जातं. ४ वर कुठलीही भिंत नाही. त्यांनी सांगितलेल्या ३.२ ते ३.८ या पट्ट्यातच मोकळ्या ॲसिडचं प्रमाण जवळजवळ तिपटीने बदलतं. म्हणजे ३.८ चं उत्पादन पास आणि ४.२ चं नापास, ही रेघ निसर्गाने मारलेली नाही, ती सोयीची आहे. आणि ज्याने रेघ मारली त्याचं उत्पादन अर्थातच रेघेच्या आत आहे.

इथे कुणी खोटं बोलत नाही, हे पुन्हा पुन्हा लक्षात घ्यावं लागतं. बेगून यांनी आधी नियम केले आणि मग त्या नियमांनुसार माल बनवला. प्रामाणिक माणसाने दुसरं काय करायचं? सुगंध वाईट म्हणायचं आणि सुगंधी क्रीम विकायचं, हे तर ढोंग झालं असतं. पण परिणाम असा की परीक्षा आणि विद्यार्थी एकाच घरात तयार झाले. त्या परीक्षेत तो विद्यार्थी पहिला आला, तर त्यावरून तो परीक्षेसाठी तयार केलेला होता एवढंच कळतं. दुसऱ्या पट्टीवर, समजा लोक क्रीम रोज लावायला कंटाळत नाहीत ना, जाड वाटत नाही ना, या पट्टीवर तो कितवा येईल, ते कळत नाही.

आतली माहिती आणि बाहेरचं लेबल

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

ही परीक्षणं मुख्यतः घटकयादी, पॅकिंग आणि प्रसिद्ध झालेलं संशोधन यांवर उभी होती. घटकयादी सगळं सांगत नाही. अमेरिकेत १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणजे यादीच्या मध्यावर दिसणारा पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) ०.९ टक्के आहे की ०.००१ टक्के, हे बाहेरच्याला कळायचा मार्ग नाही. सुगंधाचं मिश्रण एकाच शब्दात लिहिता येतं. कच्चा माल कुठल्या दर्जाचा, तेल आणि पाणी कसं एकजीव केलंय, महिन्यांनंतर त्याचं काय होतं, यांतलं काहीही लेबलवर नसतं.

विकणाऱ्या परीक्षकाकडे मात्र एका उत्पादनाची ही सगळी माहिती असते: स्वतःच्या. त्यात पेप्टाइड किती टाकलाय, तो टिकतो का, हे त्याला प्रयोगशाळेने सांगितलेलं असतं. बाकीच्यांकडे तो लेबलच्या फटीतून बघतो. त्याने मन कितीही साफ ठेवलं तरी एकीकडे खात्री आणि दुसरीकडे अंदाज असतो, आणि खात्री नेहमी जास्त गुण मिळवते.

लेबलवरून केलेल्या अंदाजाची मर्यादा २०२० च्या डिसेंबरात सगळ्यांनी पाहिली. कोरियाच्या ‘प्युरितो’ या ब्रँडचं एक सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) ५०+ म्हणून विकलं जात होतं. यादी साधी, सुगंध नाही, शिफारशी भरपूर. ‘इन्सीडीकोडर’ हे घटक समजावून सांगणारं संकेतस्थळ चालवणाऱ्या युदित रात्स यांनी ते युरोपातल्या प्रयोगशाळांकडून तपासून घेतलं. एसपीएफ १९ च्या आसपास निघाला. कंपनीने उत्पादन मागे घेतलं. त्या सनस्क्रीनची घटकयादी शंभर वेळा वाचूनही १९ हा आकडा कुणाला दिसला नसता. तो माणसाच्या त्वचेवर मोजावा लागतो आणि मोजायला पैसे लागतात. हा मुद्दा फक्त बेगून यांच्यावर रोखलेला नाही. यादी वाचून निकाल देणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडतो.

दुसरी बाजू

आता बेगून यांच्या बाजूने जे बोलायला हवं ते. मला ही बाजू हलकी वाटत नाही.

स्वतःचा ब्रँड नसलेला परीक्षक खातो काय? बहुतेक वेळा कमिशन. त्याने दिलेल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की टक्केवारी मिळते. ब्रँड फुकट खोके पाठवतात, सहली नेतात, प्रायोजित व्हिडिओ देतात. अशा माणसाला ‘हे घेऊ नका’ म्हणणं दरवेळी खिशाला लागतं, आणि ‘तुम्हाला नव्या कशाचीच गरज नाही’ हे वाक्य तर त्याच्या धंद्याच्या मुळावर येतं. बेगून यांना इतर ब्रँडच्या मर्जीची गरज नव्हती. त्यांचं उत्पन्न स्वतःच्या बाटल्यांतून येत होतं, म्हणून त्या कुणालाही नावं ठेवू शकत. ही मोकळीक खरी आहे. फक्त तिची दुसरी बाजू अशी की ज्याला नावं ठेवली तो प्रतिस्पर्धी असतो.

म्हणून ‘विकतो म्हणजे अविश्वसनीय’ आणि ‘विकत नाही म्हणजे निःपक्षपाती’ ही दोन्ही समीकरणं मी बाजूला ठेवतो. कमिशनवाल्याचा कल स्तुतीकडे आणि सतत नव्या खरेदीकडे. विक्रेत्याचा कल स्वतःच्या मालाशी जुळणाऱ्या निकषांकडे. दोन्हींपासून बऱ्यापैकी लांब राहिलेली संस्था हवी असेल तर १९३६ पासून चालणारी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ आहे. ती जाहिराती घेत नाही, तपासायचा माल दुकानातून स्वतः विकत घेते. पण ती हजारो सीरम तपासत बसत नाही आणि बसणारही नाही.

बेगून यांच्या बाजूची आणखी एक गोष्ट: डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या ट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या आणि सुरकुत्यांवरच्या औषधाबद्दल त्या चांगलं लिहीत. ते त्या विकत नव्हत्या. विक्रेत्या परीक्षकाला जोखायला मला हीच खूण सर्वांत जास्त कामाची वाटते: ज्यातून त्याला दमडी मिळत नाही आणि जे त्याच्या मालाची जागा घेऊ शकतं, त्याची शिफारस तो करतो का? अमेरिकेत २०१६ पासून ॲडापलीन ०.१ टक्के हे मुरुमांवरचं औषध चिठ्ठीशिवाय मिळतं. मुरुमांवर स्वतःचं सीरम विकणारा माणूस त्याचं नाव कितव्या वाक्यात घेतो, की घेतच नाही, हे बघितलं की बरंच काही कळतं.

मालक बदलले तेव्हा

२०१६ मध्ये ‘टीए असोसिएट्स’ या गुंतवणूक कंपनीने पॉलाज चॉइसमध्ये पैसा घातला. २०२१ मध्ये युनिलिव्हरने तिच्याकडून ब्रँड विकत घेतला. युनिलिव्हरच्या छत्राखाली तेव्हा डव्ह, व्हॅसलिन, सिंपल होतेच, शिवाय डर्मालॉजिका, मुराद, टॅचासारखे ब्रँडही होते. दरम्यान ब्यूटीपीडिया कंपनीच्या मुख्य संकेतस्थळाचाच भाग बनला होता.

१९९५ मध्ये जो हितसंबंध एका बाईचा आणि तिच्या बाटल्यांचा होता, तो आता अनेक ब्रँडच्या मालकाचा झाला. पण जुन्या परीक्षणांतली वाक्यं तीच राहिली. वाचणारा अजूनही ‘पॉला म्हणते’ असंच उद्धृत करतो. २००५ च्या शेऱ्याचं वजन २०२२ च्या शेऱ्यालाही देतो. त्यातच उत्पादनांच्या कृती अधूनमधून बदलतात, नाव मात्र तेच राहतं. दहा वर्षांपूर्वी ज्या क्रीमला शेरा मिळाला ते क्रीम आज बाटलीत असेलच असं नाही.

कायदा या प्रकारापर्यंत उशिरा पोचला. एफटीसीचा बनावट रिव्ह्यूंबद्दलचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. ज्या वर्गात आपलाही माल आहे त्या वर्गाची परीक्षणं देणारं संकेतस्थळ स्वतः चालवायचं आणि ते स्वतंत्र असल्याचा खोटा आव आणायचा, यावर त्यात थेट बंदी आहे. मात्र ‘हे आमचंच आहे’ असं सांगून परीक्षणं देण्याला मनाई नाही. बेगून यांचा मूळ प्रकार या नियमात बसला असता. पीएचची रेघ ४ वर का, डबीचे गुण सरसकट का कापले, असले प्रश्न या नियमात कुठेच येत नाहीत.

ही परीक्षणं हाताशी आली तर मी ती वापरतो, पण अर्धीच. ‘यात व्हिटॅमिन सी आहे आणि डबी उघडी आहे’, ‘यात लव्हेंडरचं तेल आहे’, अशी वाक्यं मी लगेच घेतो. ती मला स्वतःला पडताळता येतात आणि ती लिहिणारा काय विकतो याने त्यांच्यात फरक पडत नाही. ‘सर्वोत्तम’, ‘याच्या तोडीचं दुसरं नाही’, तारे, क्रमांक, हे सोडून देतो. मधल्या वाक्यांपाशी, म्हणजे ‘याने सुरकुत्या कमी होतात’ या जातीच्या दाव्यांपाशी, एकच गोष्ट शोधतो: चाचणी त्या घटकाची झाली की त्या बाटलीतल्या मिश्रणाची? बहुतेक वेळा घटकाची झालेली असते, आणि तीही बाटलीत नसलेल्या प्रमाणात.